काकाची कॅसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी एक व्हीएचएस कॅसेट आहे. वर निळ्या पेनाने ‘दादाचे लग्न - १’ असं लिहिलंय. आत मात्र बऱ्याच लांबीत हिंदीत डब केलेला, रंगांनी चेकाळलेला, ज्याला सायकेडेलिक म्हणतात तसा एक अमेरिकी विनोदी चित्रपट आहे. तो टीव्हीवर एकदाच लागला आणि तेव्हा काकाने तो टिपला. गेली दोन-तीन वर्षं लग्नात, एसटी स्टँडवर, फोनवर मला तेच ते प्रश्न येतात. एकदाच लिहून ठेवतो.

चित्रपटाचं नाव काय?

इथे देत नाही आणि फोन केलात तरी सांगणार नाही. एकदा एकाला सांगितलं होतं. घरी येऊन चहा-घावणे खाल्ले, टीव्हीसमोर मोबाईल धरून तीन मिनिटांचा तुकडा टिपला आणि आठवड्याने ‘संपूर्ण चित्रपट हवा असल्यास पैसे पाठवा’ म्हणून तोच तुकडा फिरवायला लागला. त्याच्याकडे संपूर्ण चित्रपट नव्हताच. लोकांनी पैसे भरले आणि शिव्या मात्र मला घातल्या.

एवढं सांगतो: साठच्या दशकाच्या अखेरचा, मूळ इंग्रजी, लांबी १०० मिनिटं. एक न्हावी, त्याची बोलणारी टोपी, वाळवंटात भरलेलं कोर्ट आणि साक्षीला आलेला उंट. कथा म्हणाल तर एवढीच.

सायकेडेलिक म्हणजे नक्की काय हो?

हा शब्द हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये लेखक अल्डस हक्सली यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात काढला. ग्रीकमधले ‘मन’ आणि ‘उघड होणं’ असे दोन शब्द जोडून. एलएसडीसारख्या द्रव्यांनी माणसाला जे दिसतं-भासतं, त्याला काहीतरी नाव हवं होतं. पुढे ते नाव पोस्टरला, गाण्यांना, कपड्यांना आणि शेवटी चित्रपटांना चिकटलं. कॅलिफोर्नियात एलएसडीवर ऑक्टोबर १९६६ मध्ये बंदी आली, आणि पडद्यावर या रंगांचा पूर आला तो त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत.

पडद्यावर ते करायच्या युक्त्या साध्या होत्या. काचेच्या बशीत रंगीत तेल आणि पाणी घालून खालून दिवा मारायचा आणि हलवत राहायचं. भिंतीवर ते फुगे फुटतात, मिसळतात, पुन्हा वेगळे होतात. देवगड बंदरात ट्रॉलरच्या आजूबाजूला पाण्यावर डिझेलचा तवंग पसरतो तो सकाळच्या उन्हात बघा. तेच. शिवाय सोलरायझेशन, म्हणजे उजेडाच्या जागा काळ्या आणि काळ्या जागा उजळ करून चेहरा हिरवा-जांभळा पाडणं. आणि माशाच्या डोळ्यासारखं भिंग, ज्यातून माणसाचं नाक आधी येतं आणि माणूस मागाहून.

तो कधी लागला होता?

१९९८. काका शपथेवर ‘मे महिना’ सांगतो, कारण त्या रात्री पडवीत सगळे रातांबे फोडायला बसले होते. पण काकाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून मी कॅसेटलाच विचारलं. मध्ये दोन मिनिटांच्या बातम्या आहेत, त्यात पोखरणच्या चाचण्यांचा उल्लेख येतो. म्हणजे ११ मे नंतर. आणि जाहिरातींत फ्रान्समधला फुटबॉल विश्वचषक ‘लवकरच’ आहे. तो १० जूनला सुरू झाला. या महिनाभरातली कुठली तरी रात्र. वीज चमकली की पडद्यावर जी पांढरी रेघ मारते ती एकदाही नाही, म्हणजे वळवाआधीची असावी. काका बरोबर निघाला, याचं त्याला स्वतःलाही आश्चर्य वाटलं.

मूळ १०० मिनिटांचा, मग तुमच्याकडे ८१च का?

हा प्रश्न विचारणारी माणसं मला आवडतात. हिशेब असा. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, आपल्याकडचा पाल पद्धतीचा टीव्ही २५ ने. त्या काळी सरळ २४ चं २५ करून टाकत, म्हणजे चित्रपट चार टक्क्यांनी पळायचा. १०० मिनिटांची झाली ९६. सुरुवातीची ९ मिनिटं गेली, कारण काका कोरी कॅसेट शोधत होता आणि कोरी कॅसेट घरात नव्हतीच. ४ मिनिटं लाईट गेली. व्हीसीआर लाईट आल्यावर आपोआप रेकॉर्डिंग सुरू करत नाही, उठून बटण दाबावं लागतं. उरलेली २ चॅनेलने कापली आहेत, तिथे संगीत मध्येच तुटतं. टेपवर एकूण ११२ मिनिटं आहेत, त्यांतल्या ३१ मिनिटांत जाहिराती आणि बातम्या. त्या पुसू नका, असं सांगणारेही पुष्कळ आहेत. पुसत नाही.

डबिंग खूप वाईट आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि सगळी मजा त्यातच आहे.

डबिंगला आधी संवाद नव्याने लिहावे लागतात, आणि ते नुसते भाषांतर करून चालत नाहीत. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतात तिथे प, ब, भ, म यांतलं काहीतरी यावं लागतं, आणि वाक्य त्याचं तोंड बंद होईपर्यंत संपावं लागतं. इंग्रजीत तीन शब्दांत झालेलं हिंदीत सात शब्द घेतं. मग लेखक काहीतरी कापतो किंवा सरळ दुसरंच लिहितो. आमच्या कॅसेटवर लेखकाने बहुतेक वेळा दुसरंच लिहिलंय. मूळ चित्रपटात न्हावी एका दृश्यात कसले तरी मश्रूम खातो आणि मग छत वितळायला लागतं. हिंदीत त्याची झाली भांगेची गोळी. टोपी विचारते, “अबे, ये छत क्यूँ पिघल रही है?” न्हावी वर बघतो, शांतपणे म्हणतो, “चूना कच्चा होगा.” इंग्रजीत तिथे तो फक्त ‘वाव’ म्हणतो. मी दोन्ही पाहिलंय. कुणाला काय आवडावं ज्याचं त्याने ठरवावं, मला चुना आवडतो.

आवाज मोजून चार: तीन पुरुष, एक बाई. न्हावी, न्यायाधीश आणि उंट हे तिघं एकाच माणसाच्या गळ्यातून निघतात. कोर्टाच्या दृश्यात तिघं समोरासमोर येतात तेव्हा तो माणूस काय करतो ते ऐकण्यासारखं आहे. न्यायाधीशाला त्याने लखनवी केलंय, न्हाव्याला मुंबईया, आणि उंटाला सर्दी झालीय. एकदा घाईत न्यायाधीशाचं वाक्य सर्दीच्या आवाजात निघून गेलंय आणि तसंच ठेवलंय.

तांत्रिक बाजूने बघायचं तर परदेशी चित्रपट डबिंगला देताना मूळ संवाद वगळून नुसतं संगीत आणि आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यायची पद्धत असते, त्याला एम अँड ई म्हणतात. तो असला की पावलं, दारं, पाऊस सगळं जागेवर राहतं आणि वर फक्त नवीन बोलणं बसतं. इथे तो नव्हता, हे कानाला कळतं. कुणी हिंदीत बोलायला लागलं की मागचं संगीत एकदम खाली बसतं, बोलणं संपलं की उसळून वर येतं. म्हणजे मूळ आवाजाचा खटका हाताने खाली-वर केलाय. जिथे खाली करायला कुणी विसरलं, तिथे हिंदीमागे इंग्रजी पुटपुटतं, जसं भिंतीपलीकडे शेजारी भांडत असावेत. दार उघडतं पण करकरत नाही. उंट मात्र नेहमी वेळेवर शिंकतो.

त्यात मराठीत ‘आयला’ आहे ही अफवा आहे का?

नाही. फिल्मच्या ५३ व्या मिनिटाला न्हावी जिन्यावरून घसरतो, तेव्हा माईकसमोरच्या माणसाच्या तोंडून ‘आयला’ निघालंय. अगदी हळू, पण हेडफोनवर स्पष्ट. मुंबईच्या डबिंगच्या खोल्यांत मराठी माणसं काही कमी नव्हती, त्यामुळे नवल काहीच नाही. तरीही आमच्या घरात ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा काकाने टेप तीनदा मागे नेली. टेपला ते चांगलं नाही, पण त्या दिवशी मी ओरडलो नाही.

डबिंग म्हणजे भेसळच ना? मूळ पाहावा.

मूळ जरूर पाहा. पण भेसळ म्हणायच्या आधी एक सांगतो. याच जातकुळीतला सर्वांत नावाजलेला चित्रपट म्हणजे १९६८ चा ‘यलो सबमरीन’. त्यात कार्टूनमधले चार बीटल्स बोलतात ते आवाज बीटल्सचे नाहीतच. गाणी त्यांची, बोलणं दुसऱ्या नटांचं. ते चौघे स्वतः फक्त शेवटी थोडा वेळ दिसतात. म्हणजे मूळ इंग्रजीतच आवाज उसने घेतलेले.

आणि आपण तरी काय, १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ बघायला बसत होतो ते जपानी कार्टून होतं. कुणाला जपानी वाटलं? शेरखान बोलायचा तो नाना पाटेकरांच्या आवाजात. नाना मुरूडचे, म्हणजे तो वाघ एका परीने आपल्याच किनाऱ्याचा होता.

गाणी मूळ रेकॉर्डपेक्षा बारीक आवाजात का वाटतात?

वर सांगितलं त्या २४ आणि २५ च्या भानगडीमुळे. चित्रपट पळाला की सूरही चढतो, जवळजवळ पाऊण अर्धस्वर, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या काळी-पांढरीतल्या अंतराहून थोडा कमी. गाणी इंग्रजीच ठेवलीत, ती पळालेल्या चित्रातून आली, म्हणून चढलेली. हिंदी संवाद मात्र नंतर त्या पळत्या चित्राकडे बघून बोललेले, त्यामुळे ते आपल्या पट्टीत. पेटी घेऊन बसलात तर लगेच कळेल.

तुमच्या आजीने संकासूर म्हटलं ते काय प्रकरण?

हे सगळ्यांत जास्त विचारतात, त्यामुळे नीट सांगतो.

त्या रात्री चाकरमानी आलेले. पडवीत पंधरा-सोळा माणसं, समोर रातांब्यांच्या टोपल्या, हात लाल. टीव्ही खिडकीतून पडवीकडे वळवलेला. मुंबईचा आतेभाऊ पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाला, “हे कायतरी फालतू आहे, बदल.” आजी मान वर करून बघत होती. वाळवंटातल्या कोर्टात काळा झगा आणि शेंडीसारखी उंच टोपी घातलेला वकील नाचत आला. आजी म्हणाली, “अरे, ह्यो तर संकासुर! ह्येका खंय न्हेल्यानी?”

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे देवळाच्या जत्रेला रात्री दशावतारी नाटक होतं. आधी गणपती येतो, मग रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग वेद चोरणारा संकासूर. काळे कपडे, तोंड झाकलेलं, मालवणीत बोलणारा, भटजीची आणि पुढे बसलेल्या गावकऱ्यांची फिरकी घेणारा. सिंहासन म्हणजे एक बाक. त्याच बाकावर देव बसतो, त्यावरून उडी मारली की समुद्र ओलांडला. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं त्या रात्रीचं. बायकांची कामं पुरुष करतात. चेहऱ्याला रंग, पेटी, मृदंग, झांज आणि रात्रभर जागरण.

आता हा चित्रपट बघा. कथेला कथा नाही, बोलणं जागच्या जागी रचल्यासारखं, एकच माणूस तीन जणांचं बोलतो, वाळवंट म्हणजे स्टुडिओतली रंगवलेली भिंत. आतेभावाला त्याचा अर्थ लावायचा होता म्हणून तो कंटाळला. आजीला अर्थ लावायचा नव्हता. तिच्या दृष्टीने आडदशावतार, म्हणजे संकासुराचा तो सुरुवातीचा भाग चाललेला, मुख्य कथेचं आख्यान अजून सुरू व्हायचं होतं. ती शेवटपर्यंत बसली. उंट साक्षीला आला तेव्हा तिने त्याला सल्लाही दिला. काका म्हणाला, “गप रव, नायतर लाईट जातली.” आणि गेली. तीच ती ४ मिनिटं.

मला विचाराल तर हिंदीत तो चित्रपट सुधारला नाही, आमच्या पडवीत बसण्याइतका मोकळा झाला. इंग्रजीत बघताना मी अजूनही पाहुण्यासारखा बसतो.

हे गल्फच्या चॅनेलवरून आलं होतं का?

नाही, केबलवरून. गावात एकाने डिशची छत्री बसवली होती आणि वायर माडांवरून, पोफळींवरून घरोघर नेली होती. वारं आलं की वायर आणि झावळी यांचं जमायचं नाही.

पण प्रश्न खुळा नाही. उन्हाळ्यात समुद्रावर खाली गार दमट हवा आणि वर गरम कोरडी हवा असे थर बसतात. टीव्हीच्या लहरी मग सरळ आकाशात निघून न जाता त्या थरांमध्ये अडकून नळीतून गेल्यासारख्या शेकडो किलोमीटर जातात. किनाऱ्यावर साध्या अँटेनाने पलीकडचं चित्र लागायचं ते असं. या चित्रपटाचा त्याच्याशी संबंध नाही एवढंच.

रंग एकमेकांत वाहतात ते मूळचं की कॅसेटचं?

दोन्ही, आणि कुठलं कुठे संपतं ते सांगणं कठीण. व्हीएचएसवर उजेड-अंधाराचा तपशील आडव्या दिशेने २४० रेषांच्या आसपास टिकतो, रंगाचा मात्र ४० च्या आसपास. म्हणून लाल ओठ गालावर सांडतात. बाकी कुठल्याही चित्रपटात हा दोष. इथे दिग्दर्शकाने मुद्दाम सांडलेल्या रंगात आमच्या टेपने आपले थोडे मिसळले, आणि वर २५ पावसाळे.

आमच्याकडेही जुन्या कॅसेट आहेत, पांढरी बुरशी आलीय. चालवून बघू का?

नको! आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या गुंडाळ्याची कड बघा. पीठ भुरभुरल्यासारखं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातलीत की टेप वाचणारा हेड खराब होतो, आणि पुढे त्यात घातलेल्या प्रत्येक कॅसेटला ती लागते. फुनाई कंपनीने २०१६ मध्ये शेवटचे व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जो चालू आहे तो जपा.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारं वारं. मी काय केलं ते सांगतो. कॅसेट दोन आठवडे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली, पुड्या मध्ये दोनदा बदलल्या. तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते. उन्हातही नको. मग पाच स्क्रू काढून टेप दुसऱ्या स्वच्छ कवचात घातली, आणि एका मोडक्या व्हीसीआरवर, हेडला न लावता, मऊ कोरड्या कापडातून हळूहळू सगळी टेप ओढली. तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीला वाईट. यात एक अख्खा रविवार गेला आणि कापड राखाडी झालं. त्यानंतरच चांगल्या मशीनवर, तीही एकदाच, आणि पहिल्याच फेरीत संगणकावर उतरवून घेतली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाने नाही. कापसाचे तंतू अडकतात.

पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कॅसेट ठेवू नका. आमची तिथेच होती.

कॉपी मिळेल का? नेटवर का टाकत नाही?

नाही. भारतीय कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षांचा, तो १९९८ च्या प्रसारणासाठी २०२३ अखेर संपला. पण चित्रपटावरचा हक्क ६० वर्षांचा असतो आणि तो अजून जिवंत आहे. घरी येऊन बघा. मे महिन्यात आलात तर रातांबे फोडावे लागतील.

आणि लग्नाचं काय झालं?

वहिनीने हा प्रश्न यादीत घालायला लावला. कॅसेट तीन तासांची. पहिल्या ३१ मिनिटांत हळद आणि घाणा भरणं आहे. काकाने मिळेल तिथून बटण दाबलं, त्यामुळे अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी असं सगळं त्या ११२ मिनिटांखाली गेलं. अंतरपाट धरायला दोघे पुढे येतात आणि तिथून थेट न्हावी. वहिनी काकाशी चार महिने बोलत नव्हती.

चित्रपटाच्या शेवटी तीन सेकंद पडदा निळा होतो आणि पंगत सुरू होते. उरलेली ३७ मिनिटं तीच. त्यात आजी आहे, पदर खोचलेला, हातात वड्यांची टोपली, कॅमेरावाल्याला म्हणतेय, “आधी जेव रे, मगे काढ.” घरातली माणसं कॅसेट लावा म्हणतात तेव्हा सरळ तिथूनच लावायला सांगतात.